गाडीत राहिलेले कपडे

“तू वाच,” व्हर्ना म्हणाली. “मी गाडीत बघते. जे इथे सापडेल ते त्याच्याकडे नाही. जे सापडणार नाही ते त्याच्या अंगावर. सोपं आहे.”

शेल्बीने फ्रिजच्या दारावरून ओढून आणलेली यादी उलगडली. कोपऱ्यांना चिकटपट्ट्या तशाच होत्या. परवा दुपारी तिचा नवरा ब्रेंट धनुष्य घेऊन एल्क हरणाच्या मागावर इथूनच डोंगर चढला होता, काल अंधार पडायच्या आत परततो सांगून. परवा सावलीतसुद्धा घाम फुटत होता. आज पहाटेपासून ओला बर्फ पडत होता आणि दहा-बारा माणसं त्याला हुडकायला वर गेली होती. त्याची पिकअप तेवढी लावल्या जागी उभी होती, टपावर चार बोटं बर्फ घेऊन.

यादीत प्रत्येक कपड्यापुढे औंसांत वजन होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेलं.

“टूथब्रशची दांडीसुद्धा कापली त्यानं,” शेल्बी म्हणाली. “अर्धा औंस वाचला म्हणे.”

“आणि पोटाचे तीस पौंड? ते धरलेत का यादीत?”

शेल्बी हसली. कालपासून पहिल्यांदाच. व्हर्नाला तेवढंच हवं होतं. शिकाऱ्यांच्या तळावर तिने तीस वर्षं रांधलं होतं, आणि त्यांच्या बायकाही पाहिल्या होत्या. रडायला लागलेल्या बाईला अक्षर लागत नाही.

“पातळ लोकरीचा बनियन.”

व्हर्नाने सीट पाहिली, सीटमागची पिशवी उलटी केली. “नाही इथे. म्हणजे अंगात आहे. हे बरं केलं. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरते.”

“लोकरीची लांब विजार. आतून घालायची.”

मागे झाकणबंद प्लास्टिकची पेटी होती. झाकण काढताच देवदाराचा वास आला. हिरव्या डहाळ्यांमध्ये विजार घडी करून ठेवली होती. जनावराला माणसाचा वास लागू नये म्हणून हे सगळे करतात. या विजारीला मात्र माणसाचा वास लागायची वेळच आली नव्हती.

“आहे इथे.”

“उकडत होतं ना परवा,” शेल्बी म्हणाली.

“हो. उकडतच होतं.”

“आत पिसं भरलेलं जाकीट. अकरा औंस.”

व्हर्नाने दोनदा शोधलं. “नेलंय.”

“मग झालं तर.” शेल्बीच्या गालांवर जरा रंग आला. “फार ऊबदार आहे ते. मीच दिलं होतं, वाढदिवसाला. नको म्हणत होता, फुगून बेडकासारखा दिसतो म्हणून.”

“सगळेच दिसतात. पुढे वाच.”

“पावसाचं जाकीट. याच्यापुढे त्यानं लिहिलंय, ‘आवाज करतं’.”

ते ड्रायव्हरच्या सीटखाली कोंबलेलं होतं. व्हर्नाने ओढलं तर कापड कोरड्या पाचोळ्यासारखं सळसळलं. खरंच करत होतं आवाज. याच्या सळसळीनं नर एल्क पलीकडच्या खोऱ्यात गेला असता. तिने मनात हिशेब केला. अंगावर पिसं आहेत, पिसांवर काही नाही, आणि पहाटेपासून आभाळ गळतंय. तिने जाकीट हळूच पेटीमागे सरकवलं. पण सरकवताना ते पुन्हा वाजलं आणि शेल्बीने मान वर केली.

“पिसं भिजली तर, व्हर्ना?”

“पुढे वाच, पोरी.”

“नाही, सांगा ना. भिजली तर काय होतं?”

“गोळा होतो. मग जाकीट नुसतं नावाला राहतं.” व्हर्ना तिच्याकडे न बघता म्हणाली. “एखाद्या दाट झाडाखाली बसला असेल तर भिजणार नाही. तेवढी अक्कल आहे ना त्याला? वाच आता.”

शेल्बीला ओळ सापडायला वेळ लागला. “बिनबाह्यांचं नारंगी जाकीट. तीन औंस. यावर त्यानं काट मारलीय.”

ते समोरच्या कप्प्यात होतं, नकाशाखाली. दुकानातली चिठ्ठीही काढलेली नव्हती. चुकून गोळी लागू नये म्हणून बंदूकवाल्यांना ते घालावंच लागतं, धनुष्यवाल्यांना त्याची सक्ती नाही. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर दिसावं असा तो रंग. व्हर्नाने ते हातात धरलं. त्या करड्या दिवसात तेवढीच एक वस्तू नजरेत भरत होती.

कमरेचा वायरलेस खरखरला. वर गेलेल्यांचा म्होरक्या ऑर्विल बोलत होता, धापा टाकत. “व्हर्ना, ढग पार खाली आलेत. हेलिकॉप्टर उठणार नाही म्हणतात. सगळं आमच्या डोळ्यांवरच आहे. कपड्यांचं झालं का? कुठला रंग शोधायचा?”

व्हर्नाने शेल्बीला खूण केली. शेल्बीने शेवटच्या ओळींवरून बोट फिरवलं.

“शर्ट, पँट, टोपी. तोंडावर ओढायची जाळी. सगळं एकाच छापाचं. झाडांची सालं, वाळका पाला, सावल्या, असं काय काय आहे त्यावर.”

व्हर्नाने समोरच्या उतारावर नजर टाकली. बर्फातून वर आलेली खोडं, आडवी पडलेली खोडं, खोडांच्या मागे खोडं. तिचा अंगठा बटणावर होता. तो तिने दाबला नाही.

“चांगले कपडे आहेत ते,” शेल्बी म्हणाली, त्यांना कुणी नावं ठेवल्यासारखं. “आणले त्याच दिवशी घालून परसात गेला. मला म्हणाला, पाच मिनिटांनी ये आणि शोध. दहा पावलांवर उभा होता माझ्या. मी दोनदा त्याच्यावरून नजर फिरवली. शेवटी त्यालाच हसू आवरेना, तेव्हा कुठे सापडला.”