डोहाची भांडी

लग्नाच्या आदल्या दिवशी कमळने मुलाला सांगितलं, "सुयोग, डोहाकडं भांडी मागून ये. आमच्या टायमाला तो द्यायचा. काम झालं की आमी घासून काठावर ठेवायचो."

सुयोग हसला. त्याने मुरबाडहून प्लास्टिकची ताटं आणली, आणि पंगती उठल्यावर सगळी खरकटी ताटं त्याच डोहात लोटून दिली.

सकाळी ती काठावर होती. घासलेली, पुसलेली, एकावर एक रचलेली.

"आई, कुनी केलं गो हे?"

"त्याला वाटलं, आपन त्याला वापरायला दिली." कमळ म्हणाली. "आन रिकामं भांडं परत द्यायचं नाय, ही रीत तो इसरला नाय रे."

सुयोगने वरच्या ताटाला हात लावला. त्यातला भात अजून गरम होता.