बंद दाराचा फोटो

बाबा गेल्यावर मी आईच्या लॉक स्क्रीनवर त्यांचा फोटो लावला. त्यानंतर आठवडाभर तिचा एकही फोन आला नाही, म्हणून शनिवारी घरी गेले.

“फोन उघडायचा तर त्यांच्या तोंडावरून बोट फिरवायचं,” ती म्हणाली. “तेही कणकेच्या हाताने. मला नाही जमत.”

“आण, बदलून देते.”

“नको. कुठे दाबायचं तेवढं सांग.”

बाबा होते तोवर तिच्या फोनची सेटिंग्ज तेच बघायचे. तासभर ती त्याच्याशी झटली. दोनदा टॉर्च लागला. मध्येच बाहेर जाऊन फोटो काढून आली.

मग तिने फोन माझ्यासमोर धरला. लॉक स्क्रीनवर आमच्या घराचं बंद दार होतं. तिने बोट वर सरकवलं. आत बाबा खुर्चीत पेपर वाचत होते आणि सगळे आयकॉन तिने त्यांच्या पायाशी नेऊन ठेवले होते.

“घरीच आहेत,” ती म्हणाली. “आता रोज करेन फोन.”