पहिलं टेबल

लग्नातल्या टेबलांवरची पाहुण्यांच्या नावांची सगळी कार्डं नवरीच्या आईनंच घरी बसून बनवली होती: निळ्या काठाचा जाड कागद, फुलांशी जुळणारी रेशमी फीत, टेबलांवरचे आकडे तिच्याच अक्षरात. नवरी हॉलमध्ये आली तर आईच्या नावाचं कार्ड आत्यानं स्टेजजवळून उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी, शेवटच्या टेबलावर नेऊन ठेवलेलं. "नवरा सोडलेली बाई पुढे बसली की लोकांचं तोंड कोण धरणार?" आत्या म्हणाली. "असू दे गं," आई पुटपुटली, "इथं पंख्याची हवा तरी लागते." नवरी स्टेजपर्यंत गेली, तिथला एकचा आकडा उचलून तिनं आईपुढे उभा केला. "पहिलं टेबल स्टेजजवळ असतं," आत्या फणकारली. "आता हे पहिलं," नवरी म्हणाली. नवरदेवानं हसत आपलंही कार्ड आणून शेजारी लावलं. पंख्यानं आकडा डगमगला. आईनं आत्याकडे बघत भरलेला ग्लास टेकवून तो ताठ केला.