पिवळी दोरी

सरिताने पेढ्यांचा बॉक्स शेवटच्या टेबलापर्यंत नेला, तेवढ्यात कॉम्प्युटर विभागाच्या हर्षल सरांनी सगळ्या पिवळ्या दोरीवाल्यांना ट्रेनिंग रूममध्ये बोलावलं.

सातपूरच्या त्या कंपनीत ओळखपत्राची दोरी निळी असली की माणूस कायम, पिवळी असली की कंत्राटी. सरिताच्या गळ्यात पिवळी पडली तेव्हा तिची मुलगी बालवाडीत होती. आता मुलगी कॉलेजात जाते. दोरी तीच.

काल संध्याकाळी तिला मेल आला होता. ‘आपणास सेवेत कायम करण्यात येत आहे. त्वरित खालील लिंकवर माहिती भरावी.’ तिने भरली, पासवर्डसकट. घरी गेल्यावर सासूने तिची दृष्ट काढली. आज सकाळी बसमधून उतरल्या उतरल्या तिने पेढे घेतले. निळ्या दोरीवाल्यांनीही खाल्ले. एकाने तर दोन घेतले.

“तो मेल मीच पाठवला होता,” हर्षल सर म्हणाले. “खोट्या मेलला कोण कोण फसतं, त्याची टेस्ट होती. तुम्ही सगळे फसलात.”



“आणि निळीवाले?” धम्मपालने विचारलं. तो सरिताच्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

“त्यांनाही हाच मेल होता. एकानेही लिंक उघडली नाही. सगळ्यांनी ओळखला.”

ओळखणारच. त्यांना काय मिळायचं होतं त्या लिंकवर? पण ओळखून वर पेढाही खाल्ला, हे सरिताला फार लागलं.

“सर, दुसरं काही लिहायचं होतं ना,” धम्मपाल म्हणाला. “लॉटरी लागली म्हणून लिहायचं. मी घरी सांगून बसलो ओ.”

“लॉटरीला आता कोण फसतं?” हर्षल सर म्हणाले आणि घाईने फळ्याकडे वळले. “चला, खोटा मेल कसा ओळखायचा? या मेलमध्ये संशय घेण्यासारखं काय काय होतं?”

“पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीचा नव्हता,” मागून कोणीतरी म्हणालं. सरांनी फळ्यावर लिहिलं.

“पासवर्ड मागितला होता.” तेही लिहिलं.

“शाब्बास. अजून? सरिताताई, तुम्ही सांगा.”

सरिता उठली. बॉक्स अजून तिच्या हातातच होता.

“एवढं बघायची गरजच नव्हती, सर,” ती म्हणाली. “कायम करतो म्हणून लिहिलं होतं. तिथंच ओळखायला पाहिजे होतं.”

हर्षल सरांनी सवयीने फळ्यावर तिसरा आकडा घातला. पुढे मात्र त्यांचा हात चालेना.