छाती मोकळी होते

चिचगड रस्त्यावर दुसऱ्या किलोमीटरच्या दगडाशी समीक्षा थांबली आणि गुडघ्यांवर हात टेकून खोकू लागली. खोकला कोरडा नव्हता. आत चिखल ढवळल्यासारखा आवाज येत होता. मागून मोटरसायकलवर येणाऱ्या गोवर्धनने गाडी तिच्याजवळ उभी केली आणि आधी हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं.

"काऊन थांबली?"

"सर, छाती भरून राहिली. आजच्या दिवस घरी जाऊ का?"

डिसेंबरातली सकाळ होती. पुढे गेलेल्या चौघी पोरी धुक्यात दिसेनाशा झाल्या होत्या. वनरक्षक भरतीच्या मैदानाला, म्हणजे धावण्याच्या चाचणीला, दहा दिवस उरले होते, आणि पुढची भरती कधी निघेल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. फौजेतून परतल्यापासून सहा वर्षं गोवर्धन देवरीच्या पोरींकडून फुकटात तयारी करून घेत होता. सहा वर्षांत एकीच्याही अंगावर वर्दी चढली नव्हती. समीक्षाच्या चढणार, याची त्याला खात्री होती. तिच्यासारखी तीन किलोमीटर काढणारी पोरगी त्याने अजून पाहिली नव्हती.

"सर्दी सगळ्यायले होते," तो म्हणाला. "आमी फौजेत तापातबी वीस-वीस किलोमीटर चाललो. छाती पळाल्यानंच मोकळी होते. चाल, अंग थंडं होऊ देऊ नोको."

समीक्षाने बाहीने तोंड पुसलं. क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पळू लागली.

त्या दिवशी तिला चाळीस सेकंद जास्त लागले. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. गोवर्धनने तिला आल्याचा काढा घ्यायला सांगितला, नाकावर रुमाल बांधायला लावला, आणि मागे पडलेला वेळ भरून निघावा म्हणून संध्याकाळचंही पळणं सुरू केलं. चौथ्या दिवशी ती दुसऱ्या दगडापर्यंत पोचलीच नाही. मोहाच्या झाडाखाली बसली, ती उठेना. ओठ जांभळे पडले होते. तो नाव घेऊन हाका मारत होता आणि ती नुसती मान हलवत होती. धानाची पोती घेऊन जाणारा एक छोटा हत्ती टेम्पो त्याने रस्त्यात आडवा उभा राहून थांबवला, पोत्यांवर तिला निजवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन देवरीच्या दवाखान्यात आणलं. सगळ्या वाटेने तिच्या छातीतली घरघर त्याच्या हाताला लागत होती.

निमोनिया होता. दोन्हीकडचा.

मैदान गोंदियाला होतं. ठरल्या दिवशी सोबत पळणारी रुचिका आणि बाकीच्या तिघी पहाटेच जीपने गेल्या. गोवर्धन त्यांना बसवून द्यायला गेला, पण स्वतः चढला नाही. काय न्यावं ते न सुचून रिकाम्या हातानेच दवाखान्यात आला.

समीक्षाच्या आईने, पार्वताबाईने, त्याला बघताच बसायचं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा सर. तुमी होते म्हणून पोरगी हाती लागली. डॉक्टर म्हणे, अर्धा घंटा उशीर झाला असता तं..." तिने खाटेखालची किटली उचलली. "चहा आणतो तुमच्यासाठी," म्हणून ती बाहेर गेली.

गोवर्धन बसला. समीक्षाच्या नाकात नळी होती. सात दिवसांत गाल आत गेले होते. सहा महिने पळायचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि ती त्याच्याकडेच बघत होती. आठ वाजत आले होते.

"आता लाइनीत उभं केलं असन न, सर?"

"हो."

"रुचिकाले सांगतलं का, पयल्या फेरीत जोर नोको लावू म्हणून? ते सुरुवातीलेच दम घालवते."

"सांगतलं."

बाजूच्या खाटेवरची म्हातारी झोपेत कण्हत होती. गोवर्धन येताना वाटेत मनाशी वाक्यं जुळवत आला होता.

"समीक्षा," तो म्हणाला, "त्या दिवशी घरी जाऊ का म्हणून तू इचारलं, तवाच मी तुले धाडाले पायजे होतं. मले समजत होतं. आवाज आयकू येत होता मले. पण... चूक माही आहे. माफ कर मले, पोरी."

ती म्हणेल, असू द्या सर. सात दिवस जो तो त्याला हेच सांगत होता: तिच्या आईपासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत. तेवढं ऐकलं की निदान मान वर करून बाहेर पडता येईल, असं त्याला वाटलं होतं.

समीक्षाने घड्याळावरची नजर काढून त्याच्याकडे वळवली. आवाजात राग नव्हता. एखाद्याने चुकीचं सांगितलं की आपण सहज दुरुस्त करतो, तेवढंच होतं.

"तीन खेपा इचारलं होतं, सर."

पार्वताबाई चहा घेऊन आली. गोवर्धनने ग्लास हातात घेतला आणि तसाच धरून बसला. दगडाजवळची सकाळ त्याला लख्ख आठवत होती: धुकं, तिची ओली बाही, स्टॉपवॉचवरचा आकडासुद्धा. मग त्याने दुसरा दिवस आठवून पाहिला. तिसरा पाहिला. तो रस्ता मनातल्या मनात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला. चहावर साय धरली. उरलेल्या दोन खेपा त्याला काही केल्या सापडेनात.