वेळूचं पेर

"धरली गं बाई, आज धरली!" तुळजाबाईने चुलीशी वाकलेल्या सुनेचं मनगट पकडलं. मैनेच्या मुठीत वेळूचं अर्धवट जळलेलं पेर होतं.

शनिवारवाड्यातल्या लग्नासाठी सुपं विणायची घाई होती, तरी हातातलं बांबूचं काम टाकून सगळी बुरूड आळी धावली. वेळू चुलीत घालणं म्हणजे आपल्याच हाताने आपला वंश जाळणं, हे बुरडाच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मैनेच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा काही हलला नव्हता. आता आळीला कारण सापडलं.

"म्हनून माझ्या घरात पोर न्हाई!" तुळजाबाईचा आवाज टिपेला पोचला.

तिचा मुलगा मच्छिंद्र आई आणि बायकोच्या मध्ये कधी तोंड उघडत नसे. आज उघडलं. "गाठोडं बांध," तो मैनेला म्हणाला. "खडकीला बापाकडं सोडतो."

तुळजाबाईला आणखी चेव आला. "मी रोज चूल पेटवते. सरपण येगळं, वेळू येगळा. कधी चूक झाली का? हे बघा, असं!" मोकळ्या हाताने शेजारचा सरपणाचा ढीग चाचपून तिने एक लाकूड उचललं आणि चुलीत सारलं.

बघणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मैना चुलीकडे झेपावली. सटकायला बघते, असं वाटून तुळजाबाईने तिचं मनगट आणखी आवळलं.

"आत्याबाई, हात सोडा माझा!"

चुलीत फट्‌कन पेर फुटलं. जन्मभर वेळू चिरणाऱ्या बाईला तो आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत. डोळे तर तिचे केव्हाच अधू झाले होते. सुपं ती बोटांनीच विणायची, आणि हे कोणाला कळलेलं नाही अशा गुर्मीत होती.

तिने सुनेची बोटं चाचपली. जुन्या फोडांवर नवे फोड होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"ढिगात वेळू मीच मिसळला," मैना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आत्याबाईंला काय बोलू नगा."

लोकांना ते पटलं. तुळजाबाई आता गप्प राहिली असती, तर तिची अब्रू वाचत होती.

"मच्छिंद्रा," ती म्हणाली, "मला दिसत न्हाई रं. वेळू मी घालत हुते चुलीत. ही काढत हुती."