भिंतीवरचा खिळा

व्हर्ना दारात उभी होती. हातात झाकलेली, वाफाळती हॉटडिश, खिमा-बटाटे घालून भट्टीत भाजलेली, आणि डोळे रडून रडून सुजलेले.

"आत येऊ का, ऑरिन? की इथूनच हाकलतोस?"

"वेडी आहेस का! ये, थंडी केवढी आहे बाहेर."

ऑरिन टेस्डाल बाजूला झाला. निवडणूक दोनच दिवसांवर, मंगळवारी. राज्याच्या सिनेटच्या एकाच जागेसाठी ही दोघं उभी, आणि अंगणं एकमेकांना लागून. गावाला त्याची मोठी गंमत वाटायची. शुक्रवारी घरोघर टपालानं ते पत्रक आलं आणि गंमत संपली.

पत्रकावर ऑरिनच्या बायकोचा, मारितचा, फोटो होता. हसरा. खाली ठळक अक्षरांत: 'बायकोच्या आजारपणाच्या नावाखाली मुख्याध्यापक टेस्डाल तीन महिने घरी बसून पगार खात राहिले. मत द्या व्हर्ना क्वामे यांनाच.' तळाशी बारीक अक्षरांत छापणाऱ्यांचं नाव, 'सुखी घर मंडळ'. असली मंडळं निवडणूक आली की कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवतात. नावं गोजिरवाणी, पैसा कुणाचा ते देव जाणे!

त्या तीन महिन्यांत मारित कॅन्सरनं गेली होती. अख्खं गाव तिला पोचवायला होतं. तेच गाव आता पेटलं, ते व्हर्नावर. तिच्या नावाच्या पाट्या लोकांनी आपापल्या अंगणातून उपटल्या आणि तिच्या दारात आणून टाकल्या. आज सकाळी चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसलं नाही.

"मी नाही रे केलं हे," व्हर्ना खुर्चीत बसत म्हणाली. "मारितचे केस मी धुवायचे, ऑरिन. मी असलं काही करेन?"

"मला माहितेय." ऑरिनला तिच्याकडे बघवेना. शरमेनं त्याची कानशिलं तापली होती.

"थांबवायचं तर त्यांच्याशी बोलायचीही सोय नाही. उमेदवारानं असल्या मंडळांशी संगनमत करायचं नाही, असा कायदा. बोलले तर मीच गुन्हेगार! रेडिओवर जाऊन गयावया केली, तर लोक म्हणतात, बघा, आता नाटकं करतेय." तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. नुसता खिळा, आणि त्याखाली भिंतीला चिकटवलेल्या कागदाचा न विटलेला चौकोन. "इथला मारितचा फोटो कुठाय?"

"काढला. समोर असला की बघवत नाही."

"कसं बघवेल रे!" तिला पुन्हा हुंदका आला. ऑरिननं घाईघाईनं कॉफी ओतली.

"ठरवलंय मी," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या शाळेतल्या सभेत उभी राहून सांगणार. मला मत देऊ नका, ऑरिनला द्या."

"नको, व्हर्ना. असं करू नकोस." हे मात्र तो अगदी मनापासून म्हणाला.

"लाजेनं जीव अर्धा झालाय माझा. असं जिंकून मारितला काय तोंड दाखवू? फक्त एक सांग. तळ्याकाठी तांब्याची खाण होऊ द्यायची नाही, एवढ्यासाठी मी उभी राहिले. तू अडवशील ना ती? भाषणात नेहमी 'बघू' म्हणतोस, म्हणून विचारते."

ऑरिन कॉफी ढवळत राहिला. साखर घातलेलीच नव्हती.

"अडवीन."

"मारितची शपथ?"

चमचा थांबला. "मारितची शपथ."

व्हर्नानं उठून त्याला मिठी मारली. "देवमाणूस आहेस बाबा. आणि खाऊन घे, गार झाली तर बटाटे चिवट होतात."

तिला हाक मारावी म्हणून तो दारापर्यंत गेला. उंबऱ्यातच थबकला. ती अंगण ओलांडून गेली, दारातल्या पाट्यांच्या ढिगाला वळसा घालून आत शिरली.

ऑरिन परत टेबलाशी बसला. समोरची खुर्ची तशीच मागे सरकवलेली होती. दोन महिन्यांपूर्वी त्याच खुर्चीत खाण कंपनीचा माणूस बसला होता. "हसरा असेल तर उत्तम," तो म्हणाला होता, आणि ऑरिननंच स्टुलावर चढून फोटो खिळ्यावरून उतरवून दिला होता.